चुकीच्या पटावर इंजिनाने गप्प बसू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले बुद्धिबळाचे कोडे आमच्या वर्गातली मुले नेमाने सोडवतात आणि उत्तर ताडून पाहण्यासाठी ते मोबाइलवरच्या इंजिनाला, म्हणजे चाली शोधून देणाऱ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला, घालतात. गेल्या महिन्यात एका नऊ वर्षांच्या मुलाने एका जुन्या पुस्तकातली आकृती अशीच एका ॲपवर मांडली. काळ्याचा राजा ई८ वर, पांढऱ्याचा हत्ती ई१ वर, मधली उभी पट्टी पूर्ण मोकळी. म्हणजे काळ्याला शह बसलेला आणि चाल अर्थातच काळ्याची. मुलाने मोहरे सगळे अचूक ठेवले, पण चाल कोणाची हे सांगणारे बटण मात्र पांढऱ्यावरच राहून गेले. विश्लेषणाचे बटण दाबताच ॲप बंद पडले. त्याने ते पुन्हा उघडले, पुन्हा सगळे मोहरे लावले, आणि ते पुन्हा बंद पडले. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "सर, इंजिन हरलं का?"

तीच आकृती आम्ही दुसऱ्या एका ॲपवर घातली, तेव्हा त्याने काही न बोलता चाल काळ्याला देऊन टाकली आणि उत्तर दाखवले. मुलाला आनंद झाला, मला मात्र झाला नाही. आपण विचारला एक प्रश्न आणि उत्तर मिळाले दुसऱ्याच प्रश्नाचे, हे त्याला कळलेच नव्हते. पहिले ॲप कोसळले आणि दुसऱ्याने परस्पर दुरुस्ती केली. दोघांपैकी कोणीही "ही मांडणी नियमाला धरून नाही, कारण ज्याची चाल नाही त्याच्याच राजाला शह आहे" एवढे एक वाक्य उच्चारले नाही. या न उच्चारलेल्या वाक्याविषयी हे पत्र आहे.

इंजिन कोसळते कसे, ते आधी सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. नियमांच्या डावात राजा कधीच मारला जात नाही, या गृहीतावर सगळे इंजिन उभे असते. वरच्या मांडणीत पांढऱ्याची चाल आहे असे सांगितल्यावर इंजिन शक्य चालींची यादी करते, आणि त्या यादीत हत्तीने ई८ वरचा राजा उचलण्याची चालही येऊन बसते. ती चाल मनातल्या मनात खेळून झाली की पुढच्याच पायरीला इंजिन काळ्याचा राजा कोणत्या घरात आहे हे शोधू लागते. राजा पटावर नसतोच. नसलेल्या राजाचे घर विचारल्यावर जे काही उत्तर येईल ते निरर्थक, आणि त्या निरर्थक उत्तरावर पुढचा सगळा हिशेब चालतो. कधी प्रोग्राम बंद पडतो, तर कधी बंद न पडता एखादा भलताच आकडा देतो, आणि हे दुसरे अधिक वाईट.

ही मांडणी इंजिनापर्यंत पोहोचते ती फेन नावाच्या एका ओळीतून. तिचे मूळ वर्तमानपत्री जगातले आहे, हे आपल्या वाचकांना रंजक वाटेल. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड फोर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराने पटाची स्थिती आकृतीशिवाय, अक्षरांनी आणि आकड्यांनी लिहिण्याची पद्धत काढली; पुढे संगणकासाठी स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती वाढवली. आजच्या ओळीत सहा कप्पे असतात: मोहरे कुठे आहेत, चाल कोणाची, किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क कोणाला कोणत्या बाजूला उरला आहे, एन पासाँ करून (नुकतेच दोन घरे पुढे आलेले शेजारचे प्यादे जाता जाता) मारता येईल असे घर आहे का, प्यादे न हलता आणि काही न मारता किती चाली झाल्या, आणि चालीचा क्रमांक. छापील आकृतीत यांपैकी फक्त पहिला कप्पा दिसतो. उरलेले पाच कप्पे मांडणाऱ्याने भरायचे असतात, आणि चुका तिथेच होतात.

किल्लेकोटाचा कप्पा हा त्यातला सर्वांत मोठा खड्डा आहे. पट मांडण्याच्या बहुतेक ॲपमध्ये किल्लेकोटाच्या चारही चौकटींत आधीच खुणा केलेल्या असतात. मुले मोहरे उचलून ठेवतात, राजा जी१ वर नेतात आणि चौकटींकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग इंजिनाला असा पट मिळतो की ज्यात राजा आपल्या मूळ घरात नाही, कोपऱ्यात हत्तीही नाही, पण किल्लेकोटाचा हक्क मात्र शाबूत आहे. स्टॉकफिश हे आज सर्वांत जास्त वापरले जाणारे मोफत इंजिन. २००८ साली ते आले आणि त्याचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो. मी काही वर्षांपूर्वीची एक आवृत्ती उघडून पाहिली, तेव्हा पांढऱ्याला राजाच्या बाजूचा हक्क आहे असे कळल्यावर ते एच१ पासून डावीकडे एकेक घर सरकत हत्ती शोधताना दिसले. हत्ती भेटेपर्यंत सरकत राहायचे, एवढीच सूचना. पहिल्या ओळीवर हत्तीच नसेल तर हा शोध ए१ ओलांडून पटाच्या बाहेर, संगणकाच्या भलत्याच स्मृतीत शिरतो. काळ्याच्या बाबतीत तर गंमतच होते: तो शोध ए८ संपल्यावर पटाबाहेर न जाता सातव्या ओळीवर एच७ ला उतरतो आणि खाली कुठेतरी भेटेल त्या हत्तीला किल्लेकोटाचा जोडीदार मानतो.

त्याच कोडमध्ये, त्याच कामाच्या चार ओळी पुढे, एन पासाँच्या घराची मात्र कसून तपासणी होते. तिथे मारू शकणारे प्यादे खरोखर आहे का, मारले जाणारे प्यादे जागेवर आहे का, त्याच्या मागची घरे रिकामी आहेत का हे सगळे पाहिले जाते आणि यांतले काही जुळले नाही तर तो कप्पा निमूटपणे रिकामा धरला जातो. म्हणजे एकाच इंजिनात एका चुकीला कोसळणे आणि दुसऱ्या चुकीला गुपचूप दुरुस्ती, अशा दोन तऱ्हा. वापरणाऱ्याला दोन्हींपैकी कशाचाच पत्ता लागत नाही.

स्टॉकफिशच्या लेखकांनी यात लपवाछपवी केलेली नाही, हे न्यायाने सांगायला हवे. वर्षानुवर्षे त्यांच्या कोडमध्येच अशा अर्थाची टीप होती की हा भाग फारसा भक्कम नाही आणि दिलेली फेन बरोबर असल्याची खात्री करणे ही पट दाखवणाऱ्या प्रोग्रामची जबाबदारी मानली आहे. भूमिका चुकीची नाही. अडचण अशी की पट दाखवणारा प्रोग्राम लिहिणारा समजतो, एवढे बलाढ्य इंजिन आहे, ते तपासून घेईलच; आणि इंजिन समजते की पटवाल्याने तपासूनच पाठवले असेल. या दोघांच्या मध्ये आमचा नऊ वर्षांचा मुलगा.

मुळात या दोघांच्या संभाषणाची भाषाच अपुरी आहे. इंजिन आणि पट यांच्यातला यूसीआय हा करार २००० साली रूडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-कालेन यांनी मांडला. त्यात "ही स्थिती मला मान्य नाही" असे इंजिनाने कळवण्याचा ठरलेला शब्दच नाही. न समजणारा शब्द आला तर तो सोडून पुढचे वाचावे, अशी उदार सूचना मात्र आहे. त्याआधीच्या, एक्सबोर्ड या पट दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या पद्धतीत इंजिनाने वापरणाऱ्याला "नियमबाह्य स्थिती" असा निरोप द्यावा, अशी स्पष्ट सोय होती. नवा करार आला आणि त्यात जुन्या करारातला हा शहाणपणा गळाला.

आणि खरे तर हा शहाणपणा त्याहूनही फार जुना आहे. लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश अभियंत्याने १९१२ साली एक यंत्र बनवले आणि १९१४ साली ते पॅरिसमध्ये दाखवले. पांढऱ्याचा राजा आणि हत्ती यंत्राकडे, काळ्याचा एकटा राजा माणसाकडे, आणि यंत्र मात करून दाखवी. त्यात संगणक नव्हता. विजेवर चालणारी यांत्रिक जुळणी होती. समोरच्या माणसाने नियमाबाहेरची चाल केली की त्या यंत्रावर एक दिवा लागे, आणि तशा तीन चाली झाल्या की यंत्र खेळणेच थांबवी. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जे काम एका दिव्याने होत होते, ते आज सेकंदाला लाखो स्थिती तपासणाऱ्या इंजिनाला जड का जावे, हे मला समजत नाही.

आता अवघड भागाकडे येतो. नियमबाह्य म्हणजे नेमके काय? फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत व्याख्या आहे: नियमाला धरून केलेल्या चालींच्या कोणत्याही मालिकेतून जी स्थिती येऊच शकत नाही, ती नियमबाह्य. व्याख्या निर्दोष आहे, पण इंजिनाच्या हाती देण्यासारखी नाही, कारण ती भूतकाळ विचारते. एक उदाहरण घ्या. पांढऱ्याची आठही प्यादी पटावर आहेत, बी२ आणि डी२ वरची प्यादी जागची हललेली नाहीत, आणि काळ्या घरांवरचा उंट मात्र जी५ वर बसला आहे. मोहऱ्यांची मोजदाद बरोबर, दोन्ही राजे सुखरूप, शह नाही. तरीही हा पट खेळून येणे अशक्य आहे, कारण सी१ वरच्या उंटाला बाहेर पडायला बी२ आणि डी२ या दोनच वाटा आणि दोन्ही बंद. शिवाय आठही प्यादी शिल्लक असल्यामुळे तो शेवटच्या ओळीवर पोहोचलेल्या प्याद्याला बढती मिळून आलेला उंट आहे असेही म्हणता येत नाही. वर्गात मी ही आकृती फळ्यावर काढली तेव्हा मुलांना दहा मिनिटे लागली, आणि उलगडा झाल्यावर त्यांनी मला स्वतःच्या तशाच पाच-सहा आकृत्या आणून दिल्या. त्यातली एक मला अजून सुटलेली नाही.

अशी प्रत्येक मांडणी इंजिनाने ओळखावी असे कोणी म्हणाले तर मी त्याला विरोध करीन. हे काम किती मोठे आहे याचा अंदाज जॉन ट्रॉम्प या संगणकशास्त्रज्ञांच्या गणनेवरून येतो. मोहऱ्यांच्या संख्येचा साधा हिशेब पाळून मांडता येतील अशा स्थितींतून त्यांनी नमुने काढले आणि खेळून येऊ शकणाऱ्या स्थितींची संख्या सुमारे ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात एवढी काढली. त्या मूळ संग्रहात ही टक्केवारी पाच-सहाच भरते. नमुन्यातली एखादी स्थिती शक्य आहे हे ठरवायला तिथपर्यंत पोहोचणारा डाव प्रत्यक्ष रचून दाखवावा लागतो. इंजिनाने प्रत्येक वेळी हा उद्योग करत बसावे का? मुळीच नाही. आणि गरजही नाही, कारण जी५ वरच्या त्या उंटाच्या पटावर पुढची प्रत्येक चाल नियमाने खेळता येते, मात करता येते, बरोबरी होते. इंजिनाने तिथे उत्तर द्यावे. पट आला कुठून, हा त्याच्या अखत्यारीतला प्रश्न नाही.

उलट उदाहरण २०१७ च्या डिसेंबरात रियाधच्या जागतिक ब्लिट्झ (अतिजलद) स्पर्धेत घडले. मॅग्नस कार्लसनने हत्तीने शह दिला. काळ्याकडून खेळणाऱ्या एर्नेस्टो इनार्किएवने त्या शहातून राजा सोडवण्याऐवजी घोड्याने उलट शह दिला. त्या क्षणी दोन्ही राजे शहात होते, म्हणजे पटावर धडधडीत नियमबाह्य स्थिती होती. कार्लसनने हरकत न घेता आपला राजा हलवला, आणि इनार्किएवने त्याच चालीला बेकायदा म्हणत विजय मागितला. आधी तो त्याला मिळालाही. नंतर मुख्य पंचांनी निर्णय फिरवून डाव तिथूनच पुढे खेळायला सांगितले, इनार्किएवने नकार दिला आणि गुण कार्लसनला मिळाला. कार्लसनच्या चालीनंतरचा पट पुन्हा नियमात बसत होता: काळ्याला शह, काळ्याची चाल. त्याच्या मागे काय घडले होते ते पटावर लिहिलेले नव्हते. कोणतेही इंजिन हा दुसरा पट बिनतक्रार सोडवील आणि तेच योग्य आहे. पहिल्या पटावर, जिथे दोन्ही राजे शहात आहेत, त्याने थांबून सांगायला हवे.

फिडेनेही जलद डावांच्या नियमांत हीच वाट धरलेली दिसते. पंच सगळ्या पटांवर लक्ष ठेवू शकत नसेल, आणि त्याला दोन्ही राजे एकाच वेळी शहात दिसले किंवा प्यादे शेवटच्या ओळीवर प्यादे म्हणूनच उभे दिसले, तर त्याने पुढची चाल पुरी होऊ द्यावी आणि तरीही नियमबाह्य स्थिती तशीच राहिली तर डाव बरोबरीत सोडवावा. भूतकाळ न विचारता नुसत्या डोळ्यांना दिसणारी ही लक्षणे आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की इंजिनाने एवढेच विचारावे: या पटावर पुढची चाल नियमाने करता येते का? दोन्ही बाजूंना एकेकच राजा आहे का, ज्याची चाल नाही त्याचा राजा शहात नाही ना, पहिल्या आणि आठव्या ओळीवर प्यादे नाही ना, किल्लेकोटाचा हक्क सांगितला आहे तिथे राजा आणि हत्ती आहेत का, आणि मोहऱ्यांची संख्या इंजिनाच्या स्वतःच्या क्षमतेत बसते का. या शेवटच्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. बुद्धिबळाची कोडी रचणारे नेनाद पेट्रोविच यांनी १९६४ साली रचलेल्या एका प्रसिद्ध पटावर पांढऱ्याला २१८ चाली आहेत, आणि खऱ्या डावातून येऊ शकणाऱ्या पटावर याहून जास्त चालींचा नमुना नाही. त्या हिशेबाने स्टॉकफिशने चालींच्या यादीला २५६ जागा ठेवल्या. पण मुलांना वजीर फार आवडतात. एखाद्याने सगळा पट वजिरांनी भरायला घेतला की २५६ ची हद्द ओलांडता येते आणि यादी शेजारच्या स्मृतीवर सांडते. घरातल्या मोबाइलवर हा खेळखंडोबा असेल. कोणीही पाठवलेली फेन स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या संकेतस्थळाला मात्र हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

यातले काहीही जुळले नाही तर इंजिनाने कारण सांगून नकार द्यावा. त्यासाठी यूसीआय बदलण्याचीही गरज नाही. त्यात इंजिनाला पडद्यावर मोकळा मजकूर दाखवण्याची सोय आहेच, ती वापरावी आणि खऱ्या चालीऐवजी ०००० ही शून्य चाल पाठवावी. आकडा तर मुळीच देऊ नये. नऊ पांढरी प्यादी किंवा वर सांगितलेला उंट अशा ठिकाणी विश्लेषण करावे, पण ओळखता आले तर शेजारी एक ओळ लिहावी. एन पासाँचा कप्पा दुरुस्त केला असेल तर तसे सांगावे. पायथॉन भाषेतल्या एका लोकप्रिय बुद्धिबळ-संचात अशी तपासणी कित्येक वर्षे आहे: पांढरा राजा नाही, प्यादी फार आहेत, किल्लेकोटाचा हक्क चुकीचा आहे, विरुद्ध बाजूला शह आहे, असे दोष तो वेगवेगळ्या नावांनी सांगतो. म्हणजे हे कोणाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

वेगाचा आक्षेप मी ऐकला आहे. इंजिन लिहिणारे एकेका सूचनेची काटकसर करतात आणि त्यांच्या जागी मीही केली असती. पण ही तपासणी शोध सुरू होण्याआधी, पट मांडताना, एकदाच व्हायची आहे. पुढे लाखो स्थिती पाहताना तिचा भार पडत नाही. कोड साधा ठेवायचा हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, आणि त्यावर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की पट दाखवणाऱ्यांनी आपला वाटा उचलला असता तर मी इंजिनवाल्यांना त्रास दिला नसता.

एक गोष्ट जाता जाता. आमच्या आजोबांच्या देशी पद्धतीत राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येई, आणि शेवटच्या ओळीवर पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मोहऱ्याचेच रूप घेई. त्या खेळातला सरळ पट आजच्या नियमांत अशक्य ठरू शकतो आणि आजचा त्या खेळात. त्यामुळे इंजिनाने नकार देताना "चूक" एवढेच म्हणू नये. कोणता नियम आड आला ते सांगावे. आणि मराठी ॲप असेल तर ते मराठीत सांगावे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या वर्गात येणाऱ्या मुलींची संख्या वाढली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना इंग्रजीतला दोषसंदेश म्हणजे ॲप बिघडल्याची खूण वाटते.

आपल्याकडे एक छोटी विनंती आहे. रविवारच्या कोड्याखाली चाल कोणाची हे आपण छापता, त्यासोबत किल्लेकोटाचा हक्क कोणाला उरला आहे हेही छापावे. अर्ध्या ओळीची जागा लागेल. आमच्या त्या मुलाने आता स्वतःपुरती एक पद्धत ठरवली आहे: पट मांडून झाला की बटण दाबण्याआधी तो दोन्ही राजांवर बोट ठेवतो आणि मोठ्याने विचारतो, "याला शह आहे का? मग चाल कोणाची?"

आपला,
बुद्धिबळ शिकवणारा एक वाचक, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)